मुंबई बंदरातील मालवाहू जहाजांची ये-जा

मालवाहू जहाज बंदराच्या हद्दीत शिरल्यापासून धक्क्याला लागून, माल उतरवून किंवा भरून पुन्हा खुल्या समुद्राला लागेपर्यंतच्या हालचाली. बंदराच्या रोजच्या बोलीत यांना ‘शिप मूव्हमेंट’ म्हणतात; गोदीवाले नुसते ‘जहाज लागलं’ आणि ‘जहाज सुटलं’ एवढ्यावर भागवतात. मुंबईच्या आखातात ही वाहतूक दोन बंदरांची आहे. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर जुने मुंबई बंदर आणि समोर उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर. दोघांचे धक्के वेगळे, कारभार वेगळा, मालही बराचसा वेगळा. समुद्राकडून आत यायचा दरवाजा मात्र एकच, आणि मुंबईतल्या जहाजांचे वेळापत्रक समजून घ्यायचे तर या दरवाजापासून आणि त्यात चढणाऱ्या-उतरणाऱ्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते.

‘जहाज आले का?’ हा प्रश्न चौघांना विचारला तर चार उत्तरे मिळतात. जहाज बाहेर नांगर टाकून उभे राहिले आणि कप्तानाने ‘आम्ही तयार आहोत’ अशी लेखी सूचना दिली की एजंटच्या, म्हणजे जहाजमालकाच्या स्थानिक प्रतिनिधीच्या, लेखी ते आले. बंदर नियंत्रण कक्षात नोंद होते ती हद्द ओलांडल्याची आणि पायलट, म्हणजे बंदराच्या पाण्यातून वाट दाखवणारा जाणकार, चढल्याची. कस्टम्सच्या हिशेबात, ‘एंट्री इनवर्ड’ (आत आल्याची नोंद) मंजूर होईपर्यंत जहाज धक्क्याला टेकलेले असले तरी माल उतरवता येत नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ चे कलम ३१ तेच सांगते. आणि माल उतरवणाऱ्या स्टिव्हडोरला दोर खुंट्याला बांधून झाल्याखेरीज काहीच आलेले नसते. हा शब्दांचा कीस नव्हे. माल चढवण्या-उतरवण्यासाठी भाडेकराराने दिलेली मुदत कोणत्या क्षणापासून मोजायची, आणि ती उलटल्यावर डेमरेज, म्हणजे उशिराची भरपाई, कोणी भरायचे, हे याच वेळांवर ठरते. म्हणून प्रत्येक घटना मिनिटासह लिहून ठेवलेले ‘स्टेटमेंट ऑफ फॅक्ट्स’ जहाज सुटण्यापूर्वी सह्या करून पक्के केले जाते.

भरतीचे गणित

मुंबईत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. अपोलो बंदरावरच्या मोजणीप्रमाणे उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या, भरतीची सरासरी उंची सुमारे ४.४ मीटर आणि त्याच दिवसांतील ओहोटीची सुमारे ०.८ मीटर असते. अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, पाणी ३.३ आणि १.९ मीटरच्या दरम्यानच हलते. या उंच्या सागरी नकाशातील शून्य पातळीपासून मोजतात. नकाशात लिहिलेली खोली अधिक त्या वेळची भरती म्हणजे प्रत्यक्ष मिळणारे पाणी.

समजा, मार्गाची नकाशातील खोली ११ मीटर आहे आणि जहाज ११.५ मीटर बुडालेले आहे. भांगाच्या साध्या भरतीलाही त्याच्या तळाखाली २.८ मीटर पाणी राहील. उधाणाच्या ओहोटीला मात्र उरतील जेमतेम ३० सेंटिमीटर; तेवढ्यावर कोणताही पायलट जहाज हलवणार नाही. उधाण मोठे म्हणजे पाणी भरपूर, असे शहरी माणसाला वाटते, पण उधाणाच्या दिवशी ओहोटीही तितकीच खोल जाते. खोल बुडालेल्या जहाजाला त्या दिवशी पाणी जास्त मिळते आणि वेळ कमी.

भरतीची वेळ काढायची एक जुनी रीत कोळीवाड्यांत आणि कोकण किनाऱ्यावर तोंडपाठ आहे. तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुक्ल असो वा कृष्ण, पक्ष कोणताही चालतो. यामागचे कारण साधे आहे. चांद्रमासाच्या ३० तिथींत भरती चोवीस तासांचा एक फेरा पुरा करते, म्हणजे रोज ४८ मिनिटे, पाऊण तास, पुढे सरकते. बंदरात अर्थातच छापील भरती कोष्टक वापरतात, पण कोष्टक हाताशी नसताना कालनिर्णयाच्या एका चौकोनावरून तासाभराच्या अंतरात उत्तर मिळते, आणि तांडेलाला तेवढे पुरते.

इथे वर्तमानपत्रांची एक जुनी चूक सांगायला हवी. पावसाळ्यात ‘आज समुद्रात ४.८ मीटर उंच लाटा उसळणार’ अशी बातमी हमखास येते. तो आकडा भरतीच्या पातळीचा असतो, लाटांचा नसतो. लाटा वाऱ्यावर अवलंबून असतात आणि भरती कोष्टकात त्यांचा उल्लेखच नसतो.

बाहेरून आत

जहाज येण्याच्या आधी त्याची खबर येते. एजंट जहाजाचे नाव, लांबी, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडाले आहे), माल आणि अपेक्षित वेळ कळवतो. मालाची यादी, म्हणजे मॅनिफेस्ट, कस्टम्सकडे जाते. धोकादायक माल असेल तर त्याची वेगळी सूचना द्यावी लागते. रोजच्या बर्थिंग मीटिंगमध्ये कोणते जहाज कोणत्या धक्क्याला, कोणत्या भरतीला, हे ठरते. भांडणे इथेच होतात. खोल बुडालेला तेलाचा टँकर आत येताना भरतीसाठी अडून बसतो, पण रिकामा झाल्यावर तेच जहाज बहुतेक वेळा सुटू शकते. मोटारी नेणारे जहाज फारसे बुडत नाही, पण त्याच्या उंच भिंतींवर वारा भरतो, म्हणून त्याचे लक्ष पाण्यापेक्षा वाऱ्याकडे.

नैर्ऋत्येकडून येणाऱ्या जहाजाला डाव्या हाताला कुलाब्याच्या टोकापुढील खडकांवरचा प्रॉन्ग्ज दीपस्तंभ (१८७५) आणि उजवीकडे दूर खांदेरी बेटावरचा दीपस्तंभ (१८६७) दिसतो. त्यानंतर बोयांनी, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या खुणांनी, आखलेला गाळ उपसून खोल केलेला मार्ग लागतो. आत येताना डावीकडे लाल बोये, उजवीकडे हिरवे. न्हावा-शेव्याला जाणारी मोठी कंटेनर जहाजेही याच वाटेने येतात. त्यांच्यासाठी हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद आणि खोल केला गेला.

पायलट घेणे सक्तीचे आहे. ‘पायलट हवा’ म्हणून जहाज ‘जी’ निशाण लावते, पायलट चढला की पांढऱ्या-लाल ‘एच’ निशाणाने ते जाहीर करते. चढणे हा सगळ्या प्रवासातला सर्वात नाजूक क्षण. जहाज थोडे वळून वाऱ्याची बाजू अंगावर घेते, म्हणजे दुसऱ्या बाजूला पाणी जरा शांत होते. तिथे दोराला लाकडी पायऱ्या ओवलेली शिडी सोडलेली असते. पायलट बोट खाली लाटेवर वर-खाली होत असते. ती सर्वात वर आली की त्याच क्षणी शिडी धरायची. बोट खाली जात असताना पाय टाकला तर तीच बोट पुढच्या लाटेला वर येऊन पायावर आदळते. चढाई ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर नुसत्या दोरशिडीला परवानगी नाही, तिला तिरका जिना जोडावा लागतो. जून-जुलैत हे काम दिवसा पाहतानाही अंगावर काटा येतो, आणि जहाजे रात्रीही येतात.

गोद्या आणि धक्के

मुंबई बंदराचा कारभार २६ जून १८७३ पासून पोर्ट ट्रस्टकडे होता. महापत्तन प्राधिकरण अधिनियम, २०२१ नंतर ते मुंबई बंदर प्राधिकरण झाले. ससून डॉक (१८७५) आता मासळीसाठी ओळखला जातो. प्रिन्सेस डॉक १८८० चा, व्हिक्टोरिया डॉक १८८८ चा. या दोन्ही गोद्यांची दारे भरतीच्या सुमारासच उघडत. १९१४ च्या अलेक्झांड्रा डॉकला, म्हणजे आजच्या इंदिरा डॉकला, दोन दारांमधली पाणकोठडी मिळाली, त्यामुळे बाहेर ओहोटी असली तरी आतले पाणी टिकवून जहाज घेता येऊ लागले. ही कोठडी २२८.६ मीटर लांब आणि ३०.५ मीटर रुंद आहे. त्या काळी हे माप ऐसपैस होते. आज पनामा कालव्याच्या जुन्या मापाचे, सुमारे ३२ मीटर रुंदीचे साधे मालवाहू जहाजही त्यातून जात नाही. मुंबई बंदराचा मोठा माल गोदीबाहेर का गेला, याचे निम्मे उत्तर या आकड्यांत आहे. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर पुढे कंटेनर ठेवायला जागा हवी म्हणून बुजवले गेले.

कच्चे तेल आणि तेल उत्पादने जवाहर द्वीपाच्या जेटीवर उतरतात आणि नळांतून माहूलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जातात. रसायनांची जहाजे पीरपावला लागतात. कोळशासारखा सुटा माल अनेकदा धक्क्याला येतच नाही. जहाज खाडीतच नांगरून उभे राहते, माल बार्जांत, म्हणजे सपाट तळाच्या मालबोटींत, उतरतो आणि बार्ज धरमतरच्या खाडीकडे निघतात. कंटेनर जवळजवळ सगळे न्हावा-शेव्याला. पूर्वी प्रत्येक मालाला आपापला धक्का होता. लकडी बंदर, कोळसा बंदर ही नावे त्याची आठवण ठेवून आहेत.

जहाज धक्क्याजवळ आले की टग, म्हणजे ताकदवान छोट्या बोटी, त्याला बाजूने ढकलतात. वरून खलाशी टोकाला गाठ मारलेली बारीक दोरी भिरकावतो, खालचे लोक ती पकडून ओढतात आणि तिच्यामागून जाड दोर येतो. तो लोखंडी खुंट्यात अडकला की पहिली नोंद. पुढचे-मागचे सगळे दोर आवळून झाले की ‘ऑल फास्ट’. मग दोरांवर पत्र्याच्या गोल चकत्या चढवतात, उंदीर येऊ-जाऊ नयेत म्हणून. मुंबईत ही चकती उगाच वाटत नाही. १८९६ ची प्लेगची साथ प्रथम सापडली ती गोद्यांना लागून असलेल्या मांडवीत. आजही परदेशातून येणारे जहाज ‘जहाजावर रोगराई नाही, उतरायची परवानगी द्या’ असे सांगणारे पिवळे निशाण लावते, आणि बंदर आरोग्य अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतरच ते उतरते.

जहाजांच्या अनियमित येण्याचा फटका सर्वात जास्त बसला तो गोदी कामगारांना. जहाज असेल त्या दिवशी काम, नसेल त्या दिवशी टोळीवाल्याच्या दारात बसून राहायचे. गोदी कामगार (रोजगार नियमन) अधिनियम, १९४८ आणि त्यानंतरच्या मुंबई डॉक लेबर बोर्डामुळे नोंदणी झालेल्या कामगाराला काम नसले तरी हजेरीचा मोबदला मिळू लागला. गोदीच्या कडेने जाणाऱ्या ज्या रस्त्याला आज पी. डिमेलो यांचे नाव आहे, ते या कामगारांचे पुढारी. कंटेनर आल्यावर पाठीवरून गोणी वाहणारी माणसेच लागेनाशी झाली.

अडथळे

१२ एप्रिल १९४४ ला आलेले ‘फोर्ट स्टिकीन’ व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभे असताना १४ एप्रिलला दुपारी स्फोट होऊन फुटले. पोटात दारूगोळा, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकाच वेळी होत्या. शेकडो माणसे मेली, आजूबाजूच्या वस्त्या जळाल्या. अग्निशमन दलाचा स्मृतिदिन म्हणून देशभर १४ एप्रिल पाळतात तो यामुळेच.

एकच दरवाजा असण्याची किंमत ७ ऑगस्ट २०१० ला कळली. न्हावा-शेव्याहून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया ३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, डेकवरचे कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले. काही कंटेनर तरंगत होते ते दिसत तरी होते. बुडालेले सापडल्याशिवाय मार्ग सुरक्षित म्हणता येईना, आणि दोन्ही बंदरांची ये-जा काही दिवस थांबली.

पावसाळा हा ठरलेला अडथळा. नैर्ऋत्य वाऱ्यात बाहेरच्या नांगरवाड्यात नांगर घसरतात, बार्जांचे काम मंदावते. २०११ च्या पावसाळ्यात ‘विस्डम’ आणि ‘पवित’ ही दोन जहाजे एकापाठोपाठ वाहत येऊन जुहूच्या किनाऱ्याला लागली. त्यातले पवित खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेले होते.

सुटका

जाण्याची कागदपत्रे येण्यापेक्षा कमी नाहीत. बंदराची आणि दीपस्तंभांची देणी भरल्याचा पुरावा, इमिग्रेशनकडून खलाशांची मोजणी, आणि शेवटी कस्टम्सची लेखी परवानगी. त्याशिवाय जहाज सोडता येत नाही (कलम ४२). निघायच्या आधी निळ्या पट्टीत पांढरा चौकोन असलेले ‘पी’ निशाण चढते. पायलट प्रॉन्ग्जच्या बाहेर उतरला की जहाज गेले, अशी नोंद होते.

बाहेरून पाहताना

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून यातले बरेच काही कळते. लाल पोट पाण्यावर आलेले जहाज रिकामे, काळ्या रेषेपर्यंत बुडालेले भरलेले. पुढच्या बाजूला टांगलेला काळा गोळा म्हणजे नांगर टाकलेला आहे. नांगरलेल्या जहाजांची तोंडे समुद्राकडे असतील तर भरती चढते आहे. मुंब्रा-ठाण्याच्या दिशेला असतील तर ओहोटी लागली आहे. पाणी थबकते तेव्हा तासभर ती कशीही तिरकी उभी असतात. भोंग्यांचेही नियम आहेत. एक आखूड म्हणजे उजवीकडे वळतो, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन मागे, पाच किंवा जास्त म्हणजे तुझे काय चालले आहे ते कळत नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री मात्र खाडीतली आणि गोदीतली जहाजे एकदम भोंगे वाजवतात, माझगाव-डोंगरीच्या गच्च्यांवर लोक ते ऐकायला उभे असतात, आणि त्या आवाजाचा अर्थ नियमपुस्तकात कुठेच दिलेला नाही.