लाळ, टॅनिन आणि स्वस्त बार्बेरा

महाग वाइन जिभेवरून अलगद उतरते आणि स्वस्त वाइन तोंड आवळते, अशी समजूत सर्रास आढळते. इटलीच्या वायव्येकडील पिएमोंते प्रांतातील दोन लाल वाइन शेजारी ठेवल्या, की ती उलटी पडते. नेब्बिओलो द्राक्षांची बारोलो नियमाप्रमाणे किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात, आणि या काळाची किंमत बाटलीवर चढते. त्याच प्रांतातील बार्बेरा द्राक्षांची साधी वाइन कितीतरी स्वस्त मिळते. तरीही नव्या बारोलोच्या पहिल्या घोटाने हिरड्या सुकतात, तर बार्बेराने तोंडाला पाणी सुटते.

बारोलोच्या कोरडेपणामागे टॅनिन आहे. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असलेली ही संयुगे लाळेला भेटतात तेव्हा जे घडते, ते मला वाइनच्या रसायनशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रकरण वाटते. लाळेत प्रोलिन या अमिनो आम्लाने समृद्ध अशी लांब, सैल प्रथिने असतात आणि त्यांच्या वंगणामुळे जीभ टाळूवरून सहज सरकते. टॅनिनच्या रेणूतील सपाट वलये प्रोलिनच्या वलयांना चिकटतात, हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी ती पकड घट्ट करतात आणि एकच रेणू अनेक जागी पकड घेऊ शकत असल्याने प्रथिने एकमेकांत गुंतून त्यांचा साका होतो. तोंडात घोळवलेला घोट पांढऱ्या वाटीत थुंकून पाहिला, तर जांभळट तंतू दिसतात. वंगण असे निघून गेले, की घर्षण वाढते. सुपारी किंवा कच्चे जांभूळ चावल्यावर जाणवणारा तुरटपणा तो हाच; सहा रसांत आपण त्याला मोजत आलो असलो, तरी तो मुख्यतः स्पर्शाचा अनुभव आहे.

बार्बेरात टॅनिन कमी आणि आम्लता भरपूर असते. आम्लामुळे लाळग्रंथी जोमाने पाझरतात, वंगण टिकते आणि टोमॅटोच्या आंबट पदार्थांपुढेही ही वाइन फिकी पडत नाही.

लाल वाइन हृदयाला हितकर असते, हा प्रचार मात्र कोणत्याही किमतीच्या बाटलीबाबत मनावर घेऊ नये. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट केले आहे.

कोऱ्या चहात दूध घातले, की टॅनिनला लाळेआधी दुधातील केसीन हे प्रथिन सापडते आणि तुरटपणा मावळतो. नवी बारोलो घेतलीच, तर याच कारणासाठी सोबत चीजचा तुकडा ठेवावा.