उंदराचा रंग आणि त्याचं पोट

पाळीव उंदीर आणि प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर हे दोघंही एकाच जातीचे: रॅटस नॉर्व्हेजिकस, म्हणजे गटारात राहणारा तपकिरी उंदीर. घूस वेगळी, धान्याच्या कणगीत शिरणारा काळा उंदीरही वेगळा. मादीचं गर्भारपण जेमतेम २१ ते २३ दिवसांचं, आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात. जन्मतः पिल्लू पाच-सहा ग्रॅमचं, केस नाहीत, डोळे-कान बंद. कातडी इतकी पातळ की प्यायलेलं दूध पोटाच्या डाव्या बाजूला पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं. रोज एवढं एकच बघायचं असेल तर हा पट्टा बघावा. तो दिसला नाही, तर पिल्लाला दूध मिळत नाहीये. आणि आई चाटत नाही तोवर पिल्लाला लघवीसुद्धा करता येत नाही, त्यामुळे नुसतं ड्रॉपरने दूध पाजून पोरकं पिल्लू जगवणं फार कठीण. दुसऱ्या दूध पाजणाऱ्या मादीच्या कुशीत सोडणं हाच खात्रीचा उपाय.

रंगाचा पहिला पुरावा केस यायच्या आधीच मिळतो. मिटलेल्या पापणीखाली गडद ठिपका असेल तर डोळा काळा होणार, नसेल तर गुलाबी. मग काही दिवसांत कातडीखालीच रंगाचे डाग उमटतात आणि नक्षी कळते. डोकं-खांदे गडद, पाठीवर पट्टा, बाकी अंग पांढरं, अशा उंदराला हूडेड म्हणतात.

पूर्ण पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदराची गंमत वेगळीच. रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्याच्यात चालत नाही. रंगच बनत नाही म्हटल्यावर काळा की तपकिरी, अंगभर की पट्टेरी, या बाकीच्या सगळ्या सूचना जनुकांत असूनही झाकल्या जातात. पांढऱ्याचा काळ्याशी जोड लावला की दोघांसारखं न दिसणारं पिल्लू निघतं ते यामुळे. दोन पांढऱ्यांची पिल्लं मात्र पांढरीच.

हे झाकलेलं उघडं कसं पडलं, ते मला या विषयातलं सर्वांत मजेदार प्रकरण वाटतं. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये प्रयोगशाळांतले १७२ वाण तपासले. त्यातल्या ११७ पांढऱ्या वाणांत टायरोसिनेजचा बिघाड अगदी एकच निघाला, म्हणजे सगळ्यांचा पूर्वज एकच. त्याहून पुढचं म्हणजे हूडेड नक्षी किट नावाच्या जनुकात घुसलेल्या एका जुन्या विषाणूच्या तुकड्यामुळे येते, आणि तो तुकडा या ११७ वाणांतही एकूण एक सापडला. पहिला पांढरा उंदीर पट्टेवाल्या घराण्यातच जन्मला असणार. जपानात रंगीत उंदीर पाळायचा छंद तसा जुनाच. ओसाकात १७७५ साली त्यांच्या पैदाशीवर पुस्तकही छापलं गेलं होतं.

आता पोटाकडे येऊ. अंगावरचे पांढरे डाग टायरोसिनेजमुळे येत नाहीत. तिथे रंग बनवणाऱ्या पेशीच पोचलेल्या नसतात. गर्भात पाठीच्या मध्यरेषेवर पेशींचा एक जथा तयार होतो आणि तिथून शेतात सोडलेल्या पाटाच्या पाण्यासारखा अंगभर पसरतो. काही पेशी कातडीत जाऊन रंग बनवतात, काही आतड्याच्या भिंतीत जाऊन चेतापेशी होतात. वाटेत अडथळा आला तर कातडीही कोरडी राहते आणि आतड्याचं टोकही. या पेशींच्या प्रवासाला लागणाऱ्या एडनआरबी नावाच्या जनुकाची ३०१ डीएनए-अक्षरं गळालेले उंदीर माहीत आहेत. आईकडची आणि बापाकडची अशा दोन्ही प्रती बिघडल्या की पिल्लू जवळजवळ पांढरं आणि आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नाहीत. तो भाग मळ पुढे ढकलत नाही, वरचं आतडं फुगत जातं. याला मेगाकोलन म्हणतात. माणसाच्या बाळात हाच दोष हिर्शस्प्रुंग विकार म्हणून दिसतो, आणि त्याच्या एका प्रकारात बाळाला पांढरी बट व बहिरेपणाही असतो.

म्हणून पांढरा भाग फार असलेल्या वेतात दूध सुटायच्या सुमारास पिल्लांची पोटं चाचपावीत. ढोलासारखं ताठ पोट, वाढ खुंटलेली, मळ होत नाही किंवा दुर्गंधीयुक्त पातळ होतो, असं दिसलं तर लगेच पशुवैद्य गाठावा आणि त्या आईबापांचा जोड पुन्हा लावू नये. साध्या हूडेड उंदराला मात्र घाबरायचं कारण नाही. किटची ती नक्षी पिढ्यान्‌पिढ्या निरोगी चालत आलीये. छान चेहऱ्यासाठी डागांची पैदास करणाऱ्यांनी वंशावळ विचारल्याशिवाय पिल्लू घेऊ-देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी देखभाल सोपी. डोळे दोन आठवड्यांच्या आसपास उघडतात, तीन आठवड्यांनी दूध सुटतं. पाच आठवड्यांच्या आत नर-माद्या वेगळ्या कराव्यात, नाहीतर पुढचं वेत भावंडांचंच. लघवीचा अमोनिया साचू देऊ नये, कारण फुफ्फुसाच्या मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा त्रास त्यानेच बळावतो. डोळ्याभोवती लालसर पाणी दिसलं तर ते बहुधा रक्त नसून पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं. ते वरचेवर दिसलं तर मात्र उंदीर आजारी किंवा ताणाखाली आहे. लाल डोळ्यांच्या पिल्लाचा पिंजरा उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली ठेवू नये. त्याच्या डोळ्यात उजेड अडवणारं रंगद्रव्यच नसल्यामुळे सततच्या प्रकाशाने दृष्टिपटल झिजतं.