रेनकोट असताना विंडचीटर कशाला?

‘जे पाणी अडवतं ते वाराही अडवतं, मग रेनकोटच घाला’ हा सल्ला सायकलवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. पहिला भाग खरा आहे, घोटाळा आहे तो घामाचा. पसरणी घाट चढताना अंगातून घाम निथळतो. साध्या स्वस्त रेनकोटमधून त्याची वाफ बाहेर पडत नाही, त्यामुळे आतला टीशर्ट चिंब होतो. मग वाईकडे उतरताना हुडहुडी भरते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढून नेतं. हवा 10 अंश असली तरी ताशी 40 किलोमीटरच्या वाऱ्यात ती 6 अंशांसारखी बोचते!

विंडचीटर म्हणजे दाट विणीच्या पातळ नायलॉनचं, पाणी अडवणारा लेप नसलेलं जॅकेट; ते वारा बहुतांशी रोखतं आणि वाफ बाहेर सोडतं. अशी जॅकेटं साधारण 100 ग्रॅमची असतात, घडी जर्सीच्या मागच्या खिशात मावते. घेताना हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बघाच: मनगट उघडं पडू नये, पाठ झाकलेली राहावी. ढगळ जॅकेट फडफडतं, ते नको. धो धो पावसात मात्र रेनकोटच हवा.