उडण्याआधी वाचा: पॅराग्लायडर म्हणजे पॅराशूट नव्हे

“आम्हाला पॅराशूटमध्ये बसायचंय.” बुकिंगचे कितीतरी फोन असेच सुरू होतात. नावांचा घोळ होणं साहजिक आहे. पण हवेत आपल्याला नक्की कशाचा आधार असणार, हे घरून निघण्याआधीच माहीत असावं, म्हणून हे पत्रक.

आम्ही कामशेतच्या डोंगरांवरून टँडम पॅराग्लायडिंग करतो, म्हणजे एका पंखाखाली पुढे तुम्ही आणि मागे पायलट. पॅराशूट हे विमानातून उडी मारलेल्या माणसाचं पडणं हळू करण्यासाठी असतं. ते पडतानाच उघडतं. पॅराग्लायडर आधी जमिनीवर फुगवतात आणि मगच पाय सुटतात. टेक-ऑफच्या जागी आलात की पायलटला विचारून पंखाची पुढची कड हातात घेऊन पाहा. तिथे ओळीने उघड्या तोंडाचे कापडी कप्पे दिसतील. पायलटने दोऱ्या ओढल्या की समोरचा वारा त्यांत शिरतो आणि गवतावर पसरलेलं कापड डोक्यावर येईपर्यंत पंख झालेलं असतं. आत सांगाडा नाही, म्हणून सगळं पाठीवरच्या पिशवीत मावतं.

शांत हवेत हा पंख एक मीटर खाली येताना साधारण आठ-नऊ मीटर पुढे जातो. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर जाणारी हवा सापडली, तर चक्क वर चढतो. ही हवा कुठे आहे ते आम्हाला बरेचदा घारी सांगतात. पंख न हलवता गिरक्या घेत वर जाणारी घार दिसली की पायलट तिकडे वळतो.

नावाचा घोळ मुळातलाच आहे म्हणा. १९७८ साली फ्रान्समधल्या मिउसी गावी काही पॅराशूटवाले विमानाऐवजी डोंगरउतारावरून धावत निघाले, तिथूनच हा खेळ वाढला.

पॅरामोटरचा पंख असाच, पण पायलटच्या पाठीवर इंजिन आणि पंखा. तो सपाट मैदानावरूनही उडतो, आवाज मात्र शेवटपर्यंत सोबत असतो. तारकर्लीला किंवा गोव्याला बोटीमागे दोर बांधून वर नेतात, ते पॅरासेलिंग, पतंगासारखं, दोराइतकंच. हँग ग्लायडरला ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि पायलट त्याखाली पालथा लटकतो. तो आमच्या पंखापेक्षा वेगवान, पण वजनाने बराच जड. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरमुळे पुणेकरांना ओळखीचं असलेलं ग्लायडर तर बिनइंजिनाचं विमानच.

आमच्याकडे इंजिन नाही, आणि हीच गोष्ट नीट समजून घ्या अशी विनंती आहे. पॅराग्लायडरचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटरच्या आसपास. समोरचा वारा तेवढाच झाला तर पंख हवेत जागच्या जागी थांबतो. त्याहून वाढला तर मागे, डोंगराच्या पाठीकडे ढकलला जातो. तिथली हवा घुसळलेली असते. तिच्यात पंखाचे कप्पे मिटू शकतात. खाली उभं राहून वारा छान वाटतो, वर कड्यावर तोच जास्त जोराचा असतो. म्हणून मुंबईहून पहाटे निघून आलेल्या कुटुंबालाही आम्ही कधी कधी दुपारपर्यंत बसवून ठेवतो. लहान मुलांचे उतरलेले चेहरे पाहून वाईट वाटतं, तरीही पंख पिशवीतच राहतो.

पावसाळ्यात आम्ही उडत नाही. येताना घोट्यापर्यंतचे बूट घाला, साडी-ओढणी नको, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर फोनवरच सांगा. टेक-ऑफला पायलट “पळा” म्हणाला की पळत राहा. मध्येच खाली बसू नका. वाऱ्यामुळे उड्डाण झालं नाही, तर पुढची तारीख घ्या किंवा पूर्ण पैसे परत घ्या.