बुबुळावर चढणाऱ्या रक्तवाहिन्या

आरशात डोळा जवळून पाहिला, तर पांढऱ्या भागावर बारीक लालसर रेषा दिसतात. त्या असायलाच हव्यात. जागरण, धूळ किंवा डोळे येणे यामुळे त्या फुगून ठळक होतात आणि बहुतेक वेळा ओसरतात. काळजी करायची ती वेगळ्याच रेषांची. पांढऱ्या भागाची सीमा ओलांडून त्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलात, म्हणजे कॉर्नियात, शिरतात. निरोगी कॉर्नियात एकही रक्तवाहिनी नसते.

हे पटल मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्यात कोलॅजेनच्या अतिसूक्ष्म तंतूंचे शेकडो थर असतात. तंतू सारख्या जाडीचे आणि सारख्या अंतरावर असल्यामुळे प्रकाश न विखुरता आरपार जातो. या मांडणीत रक्तवाहिनीला जागाच नाही. म्हणून कॉर्निया ऑक्सिजन घेतो तो थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळलेला. ग्लुकोज त्याला आतल्या पाणीदार द्रवातून मिळते. डोळे मिटले की ऑक्सिजनचा पुरवठा पापण्यांच्या आतल्या अस्तरातील रक्तवाहिन्यांकडे जातो आणि बराच घटतो.

कॉर्नियाच्या कडेला रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. मग त्या आत का येत नाहीत? कुणी बोलावतच नसेल, हे साधे उत्तर चुकीचे ठरले. रक्तवाहिन्यांना वाढायला लावणारे व्हीईजीएफ नावाचे प्रथिन कॉर्नियात असते. मात्र त्याला पकडून निष्प्रभ करणारे दुसरे प्रथिनही कॉर्निया स्वतःच तयार करतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा सुंदर पुरावा मिळाला. उंदरांच्या कॉर्नियातील हे रोधक प्रथिन निकामी केले, तेव्हा तिथे रक्तवाहिन्या वाढल्या. मॅनाटी या जलचर सस्तन प्राण्याच्या कॉर्नियात रक्तवाहिन्या असतात आणि त्यात हे प्रथिन आढळले नाही. त्याचे नातेवाईक असलेल्या हत्तीत आणि ड्यूगाँग या सागरी सस्तन प्राण्यात मात्र ते आढळले. त्यांचा कॉर्निया स्वच्छ असतो. आपली नजर स्वच्छ राहते ती अशा अखंड चाललेल्या बंदोबस्तामुळे, हे मला या विषयातले सर्वांत विलक्षण सत्य वाटते.

बंदोबस्त मोडतो तो जखम, जंतुसंसर्ग, दाह किंवा ऑक्सिजनच्या टंचाईने. नागीण उठवणाऱ्या हर्पिस गटातील विषाणूंचा कॉर्नियातला संसर्ग, खुपरी, चुना किंवा तीव्र क्षाराने भाजणे ही त्याची ठळक कारणे. कॉन्टॅक्ट लेन्स लावून झोपण्याची सवयही त्यातलीच. मिटलेल्या डोळ्याला आधीच कमी ऑक्सिजन मिळतो, त्यात लेन्सचा अडसर येतो. ऑक्सिजन जास्त आत सोडणाऱ्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्समुळे हा धोका घटला, पण म्हणून रात्री लेन्स काढायचा कंटाळा करू नये. जंतुसंसर्गाचा धोका त्या लेन्समध्येही आहेच.

कॉर्नियाच्या कडेलाच त्याच्या वरच्या आवरणाच्या मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी, राहतात. भाजण्यात त्या नष्ट झाल्या, की शेजारचे पांढऱ्या भागावरचे आवरण रक्तवाहिन्यांसह बुबुळावर सरकते. अशा वेळी निरोगी डोळ्यातून मूळपेशींचा छोटा तुकडा घेऊन रोपण करता येते.

या नव्या वाहिन्या मदतीलाच येतात. संसर्गाशी लढणाऱ्या पेशी त्या आणतात, जखम भरायला हातभार लावतात. पण त्यांच्या भिंती कच्च्या असतात. त्यातून द्रव पाझरून पटल सुजते, कधी चरबी साचून पांढरट-पिवळा डाग पडतो. मधोमध, बाहुलीच्या समोर असे झाले की नजर अंधूक होते.

दुसरे नुकसान नेत्ररोपणाच्या वेळी कळते. यशस्वी ठरलेले पहिले मानवी कॉर्नियारोपण नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी 1905 मध्ये आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे केले. रुग्ण चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला मजूर होता. त्याच्या एका डोळ्यातले रोपण टिकले. रक्तवाहिन्या नसलेल्या कॉर्नियाकडे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे लक्ष कमी जाते, म्हणून हे रोपण इतर अवयवांपेक्षा सोपे पचते. रक्तवाहिन्या, आणि त्यांच्याबरोबर लसीकावाहिन्या (पेशींभोवतीचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या), आत शिरल्या की ही सवलत संपते. कॉर्नियाच्या चार भागांपैकी दोन किंवा अधिक भागांत त्या असतील, तर रोपण नाकारले जाण्याचा धोका मोठा मानतात.

उपचारांत पहिले काम मूळ कारण थांबवणे. दाह कमी करायला स्टेरॉइडचे थेंब देतात. ते मनाने दुकानातून आणून घालू नयेत, हे कळकळीने सांगावेसे वाटते: विषाणूसंसर्ग चिघळतो, डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. डोळे पांढरे दिसावेत म्हणून मिळणारे थेंब वाहिन्या तात्पुरत्या आकसवतात. कारण जिथल्या तिथे राहते. कर्करोगासाठी तयार झालेले बेव्हासिझुमॅब हे व्हीईजीएफ-रोधक औषधही डॉक्टर वापरतात. कोवळ्या वाहिन्यांवर ते चांगले चालते, जुन्या पक्क्या वाहिन्यांवर कमी. त्यांना बारीक सुईने किंवा लेझरने बंद करण्याचा पर्याय असतो.

रक्त वाहणे थांबले तरी वाहिनीची रिकामी नळी बरेचदा तशीच राहते. तपासणीच्या सूक्ष्मदर्शकात ती फिकट रेषेसारखी दिसते. पुन्हा दाह झाला, की त्याच नळीत झटकन रक्त भरते. म्हणून डोळा पांढराशुभ्र दिसू लागल्यावरही डॉक्टर तपासणीला बोलावतात, आणि लाली, दुखणे, उजेड सहन न होणे किंवा अंधूक दिसणे यांपैकी काहीही परतले तर त्याच दिवशी यायला सांगतात.