बांधकाम कामगार नोंदणी: पात्रता, कागदपत्रं, सुरक्षा संच आणि वहीत नाव नसलेल्या बायका

"मी कुठं बांधकाम कामगार? मी तर बिगारी." घमेलं वाहणाऱ्या बायकांच्या तोंडून हे वाक्य मी मजूर अड्ड्यावर कितीतरी वेळा ऐकलं आहे. गवंडी, फिटर, सेंट्रिंगवाला हे कामगार आणि वाळू चाळणारी, विटा पोचवणारी, स्लॅबवर पाणी मारणारी बाई मात्र नुसती मदतनीस, असा समज इतका पक्का बसलाय की फॉर्म भरायची वेळ आली की ती मागे सरकते आणि नवऱ्याला पुढं करते. कायद्यात असा भेद नाही. कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचं कुठलंही काम बांधकामात मोडतं. बिगारीही कामगारच. नोंदणी तिची स्वतःच्या नावाने होते, नवऱ्याच्या कार्डावर ती चालत नाही.

ही नोंदणी होते महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे. मूळ कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2007 चे आणि आजच्या रूपातलं मंडळ 2011 पासूनचं. पैसा येतो तो बांधकामाच्या खर्चावर लावलेल्या 1 टक्का उपकरातून. म्हणजे तुम्ही ज्या इमारतीवर घाम गाळता तिच्याच खर्चातून हा निधी उभा राहतो. कुणी उपकार करत नाही, हे आधी मनात पक्कं करा आणि मगच अर्जाला हात घाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यांच्यात सामावला गेला. कामगारांसाठीच्या वयाच्या आणि दिवसांच्या अटी मात्र त्यातही त्याच आहेत.

पात्रता

वय 18 पूर्ण आणि 60 च्या आत. मागच्या बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेलं हवं. बस्स. शिक्षणाची अट नाही, आणि कायद्यात जन्माने महाराष्ट्रातलं असण्याचीही नाही. कर्नाटकातून, तेलंगणातून, बिहार-झारखंडमधून आलेला माणूस इथे 90 दिवस राबला असेल तर तो अर्ज करू शकतो. ऐकू न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या किंवा पायात अधूपण असलेल्या कामगारालाही नोंदणी नाकारता येत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण "तुला कोण कार्ड देणार" असं त्यांना जवळचेच लोक सांगतात.

90 दिवस सलग असण्याची गरज नाही. एकाच ठेकेदाराकडे असण्याचीही नाही. पावसाळ्यात गावी जाऊन शेती केली, दिवाळीनंतर पुन्हा साइटवर आलात, तरी बेरीज 90 झाली की पुरे.

ई-श्रम कार्ड आहे म्हणून ही नोंदणी झाली असं समजू नका. ते केंद्राचं, सगळ्या असंघटित कामगारांसाठीचं. मंडळाचे लाभ त्यावर मिळत नाहीत.

कागदपत्रं

आधार कार्ड, राहण्याचा पुरावा, वयाचा पुरावा, बँक पासबुकाचं पहिलं पान, पासपोर्ट आकाराचे फोटो, आधार वापरण्याचं संमतीपत्र, स्वयंघोषणापत्र. यांतलं बहुतेक घरात असतं. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळतंय का, एवढं मात्र बघा. बायकांच्या बाबतीत एकावर माहेरचं आडनाव आणि दुसऱ्यावर सासरचं असं सर्रास असतं, आणि अर्ज तिथेच अडकतो. आधी एका ठिकाणी दुरुस्ती करून घ्या.

खरी अडचण उरते ती 90 दिवसांच्या प्रमाणपत्राची. ते तीन ठिकाणांहून मिळू शकतं: ज्याच्याकडे काम केलं तो मालक किंवा ठेकेदार, गावात ग्रामसेवक आणि शहरात महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा नेमलेला अधिकारी. छापील नमुना मंडळाच्या संकेतस्थळावर आहे. त्यावर कामाचं ठिकाण, कामाचा प्रकार, कधीपासून कधीपर्यंत, जावक क्रमांक (प्रमाणपत्र देणाऱ्याच्या नोंदवहीतला क्रमांक), तारीख, सही आणि शिक्का हे सगळं असावं लागतं. जावक क्रमांक राहिला म्हणून परत आलेले अर्ज मी पाहिलेत. सही घेऊन घाईघाईने निघू नका, तिथेच उभं राहून सगळे रकाने भरलेत का ते बघा.

रोज वेगळ्या माणसाकडे काम करणाऱ्या नाक्यावरच्या मजुराला हे प्रमाणपत्र कोण देणार? आणि बायकांचं तर त्याहून अवघड. नवरा-बायको दोघंही साइटवर, पण मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं आणि मजुरी दोघांची मिळून. आठवड्याच्या शेवटी पैसे त्याच्या हातात. अशा घरातली बाई वीस वर्षं राबली तरी कागदावर एक दिवसही राबलेली नसते. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: बाईचं नाव हजेरीच्या वहीत वेगळ्या ओळीत लिहायला लावा. आजपासून. आणि स्वतःची एक छोटी वही ठेवा. तारीख, साइट कुठली, काम काय, ठेकेदाराचं नाव आणि फोन. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारं पोर रोज संध्याकाळी लिहील. ही वही म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, पण अधिकाऱ्यासमोर बसल्यावर "कुठं कुठं काम केलं?" या प्रश्नाला तारखेसकट उत्तर देता येतं, आणि ठेकेदारालाही नाही म्हणणं जड जातं. नव्या संहितेनुसार कामावर घेताना नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. ते मागा, दोघांचं वेगवेगळं मागा.

अर्ज

मंडळाच्या संकेतस्थळावर बांधकाम कामगार नोंदणी हा दुवा आहे. आधार क्रमांक आणि चालू मोबाईल नंबर टाकला की ओटीपी येतो. मग नाव, पत्ता, कुटुंबातल्या माणसांची माहिती, बँक, मालकाचा तपशील, 90 दिवसांचा तपशील, आणि शेवटी कागदपत्रांचे फोटो. अर्ज जमा झाला की पोचक्रमांक मिळतो. तो लिहून ठेवा, पुढे सगळी चौकशी त्यावरच होते. ऑनलाइन जमत नसेल तर तालुक्याच्या बांधकाम कामगार सुविधा केंद्रात भरून देतात. नंतर ठरलेल्या तारखेला मूळ कागदपत्रं घेऊन केंद्रावर स्वतः जावं लागतं. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात.

आणि इथे अशी एक गोष्ट घडते जी मी डोळ्यांनी पाहिली आहे. साठीला टेकलेल्या एक मावशी, जन्मभर सिमेंट-वाळूचा माल कालवलेला. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल दिवा. दोन्ही हातांची बोटं झाली. सिमेंटमधल्या चुन्याने त्यांच्या बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. ज्या कामाचा पुरावा म्हणून कार्ड हवं, त्या कामानेच ठसे पुसले होते. त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या, जणू चूक त्यांचीच. असं झालं तर घाबरू नका. जायच्या आधी आठ-दहा दिवस माल कालवायचं काम शक्यतो टाळा, रोज रात्री हाताला खोबरेल तेल चोळा. केंद्रावर गेल्यावर हात कोमट पाण्याने धुऊन पुसा आणि दहाही बोटं वापरून बघायला सांगा. तरीही नाहीच जमलं तर डोळ्यांच्या पडताळणीची किंवा आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपीची सोय मागा. म्हणूनच आधारला स्वतःचा नंबर जोडलेला हवा. मुकादमाचा नको, एजंटचा तर मुळीच नको.

शुल्काबद्दल स्पष्टच लिहितो. पूर्वी नोंदणीला 25 रुपये आणि वर्गणी वेगळी होती, नंतर ते नाममात्र 1 रुपयावर आणलं गेलं. तरी "दोन हजार द्या, कार्ड करून देतो" म्हणणारे अड्ड्यावर फिरतात. त्यात भर म्हणजे काही जण खोटी 90 दिवसांची प्रमाणपत्रं लावतात. तपासणीत ते उघडं पडलं की नोंदणी रद्द होते कामगाराची, एजंट नामानिराळा राहतो.

सुरक्षा संच मिळाला, पुढे काय?

नोंदणी झालेल्या कामगारांना मंडळ सुरक्षा संच मोफत देतं. हेल्मेट, मांड्यांपासून खांद्यापर्यंत बांधायचा हार्नेस बेल्ट, बूट, हातमोजे, चमकणारं जॅकेट, मास्क वगैरे. वाटपाच्या दिवशी सगळे आनंदात पेटी घेऊन घरी जातात. महिन्याभराने विचारलं तर हेल्मेट फळीवर असतं आणि बूट गावी भावाला दिलेले असतात. लोकांना जिवाची पर्वा नसते असं नाही. वस्तू दिली जाते, वापर शिकवला जात नाही आणि वस्तू कोणाच्या अंगावर चढणार आहे याचा विचारही झालेला नसतो.

साधं उदाहरण घ्या. घमेलं डोक्यावर घेणारी बाई डोक्यावर चुंबळ ठेवते. चुंबळीखाली हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटवर चुंबळ टिकत नाही. मग ती हेल्मेट काढूनच ठेवणार. तिला "हेल्मेट का घातलं नाही" म्हणून दंड लावण्यात काय अर्थ? उपाय मालकाने करायचा आहे: माल वर न्यायला लिफ्ट किंवा कप्पी लावायची, बायकांच्या ये-जा करायच्या वाटेवर वरून काही पडणार नाही अशी जाळी आणि छत घालायचं, आणि वर काम चालू असताना ती वाट बंद ठेवायची. हार्नेसचंही तसंच. साडीवर मांड्यांचे पट्टे बसतच नाहीत. वर चढायचं काम असेल तर आत सलवार किंवा पँट आणि वरून शर्ट हवा, तो बदलायला बंद दाराची जागा हवी. पट्टा अंगाला नीट लागला की पट्टा आणि मांडी यांच्यामध्ये सपाट हाताची बोटं जेमतेम सरकतील इतकीच जागा राहिली पाहिजे, मूठ गेली तर तो सैल आहे. हूक अडकवायचा डोक्याच्या वर, भक्कम जागी. परांचीच्या बांबूला नाही, कारण परांचीच कोसळली तर बेल्ट माणसाला तिच्याबरोबर खाली नेतो.

सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं सुरक्षेची माहिती द्यायची, त्याला साइटवर टूलबॉक्स टॉक म्हणतात. चांगल्या साइटवर ती रोज होते. पण ती होते तेव्हा बायका पाणी भरायला गेलेल्या असतात, कारण कामाच्या आधी पिंप भरायचं काम त्यांच्याकडे. आणि बोललं जातं हिंदीत, समोर गोरमाटी (बंजारा बोली), तेलुगू, कन्नड, बांगला बोलणारी माणसं. ऐकू न येणाऱ्या कामगाराला तर मागून येणाऱ्या मिक्सरच्या भोंग्याचाही उपयोग नाही. त्याच्यासाठी दिव्याचा इशारा हवा, हाताच्या खुणा ठरवलेल्या हव्यात आणि त्या सगळ्या टोळीला माहीत हव्यात. मागणी करायला लाजू नका. प्रशिक्षण देणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, आणि ते ज्याला कळेल त्याच भाषेत दिलं तरच दिलं असं म्हणता येईल. आमच्याकडे एका साइटवर बायकांनी मिळून सांगितलं की पाणी भरून झाल्यावरच माहिती सुरू करा. वेळ पंधरा मिनिटं पुढं गेली, बाकी काहीच बिघडलं नाही.

लाभ आणि नूतनीकरण

योजना तीसच्या आसपास आहेत, सगळ्या इथे मांडत नाही. मृत्यू आणि अपंगत्वाच्या दोन लक्षात ठेवा. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख रुपये, नैसर्गिक मृत्यूला 2 लाख. 75 टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर 2 लाख. मुलांच्या शाळा-कॉलेजसाठी आणि बाळंतपणासाठी वेगळी मदत आहे. अपघात झाला तर त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा, दवाखान्याच्या कागदावर "साइटवर पडून" असं लिहून घ्या. "घरी घसरून पडला असं सांगा, खर्च मी करतो" असं ठेकेदार म्हणाला तर ऐकू नका. तो कागद एकदा चुकीचा झाला की मृत्यू किंवा इजा कामावरची होती हे सिद्ध करणं फार कठीण जातं. मंडळाची मदत मिळाली म्हणून मालकाकडून मिळणारी नुकसानभरपाई बुडत नाही, ती वेगळी.

हे सगळं मिळतं ते नोंदणी जिवंत असेल तरच. अपघात झाल्यावर केलेली नोंदणी त्या अपघाताला लागू होत नाही, आणि मुदत संपलेलं कार्डही उपयोगाचं नाही. नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं, आणि त्यासाठी त्या वर्षाचं 90 दिवसांचं प्रमाणपत्र पुन्हा लागतं. कार्डावरची तारीख बघा आणि त्याच्या दोन महिने आधीच ठेकेदाराकडे सही मागायला जा, कारण साइट संपली की तो कुठल्या गावी जाईल सांगता येत नाही. अर्ज अडकला, कारण न देता परत आला किंवा कुणी पैसे मागितले तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. शिक्का आणि तारीख असलेली ती प्रत आधार कार्डाबरोबर त्याच पिशवीत ठेवा.