कलिंगडाची वेल सुकतेय: मर की डिंक्या?

फळं नारळाएवढी झाली की दुपारी वेली माना टाकतात आणि शेतकरी थेट औषधाच्या दुकानात जातो. पण त्यामागे मर किंवा डिंक्या हे बुरशीचे दोन वेगळे रोग असू शकतात. त्याआधी एक वेल कापून बघा.

सुकू लागलेली, पण पुरती न वाळलेली वेल मुळासकट उपटा. जमिनीलगतच्या खोडाला धारदार चाकूने उभा छेद द्या. आत सालीलगत तपकिरी रेषा दिसल्या तर मर. फ्युजॅरियम बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. म्हणून बेड ओला असूनही वेल सुकते. बऱ्याचदा आधी एकच फांदी जाते, बाकीच्या हिरव्या राहतात. इथे ठिबकचं पाणी वाढवणं ही नेहमीची चूक.

डिंक्यात रोग बाहेरून दिसतो. पानांच्या कडेने काळपट तपकिरी डाग, बुडाजवळ खोड तडकलेलं, त्यातून लालसर डिंक आणि जुन्या डागांवर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके. ठिपके जरूर शोधा, कारण नुसत्या जखमेतूनही डिंक पाझरतो. अवकाळी पाऊस, दव किंवा तुषार सिंचनाने पानं ओली राहिली की हा भराभर पसरतो.

फवारणी डिंक्याला चालते, तीही डाग थोडे असतानाच. लेबलवर कलिंगड आणि हा रोग असलेलंच बुरशीनाशक घ्या. मर मात्र नळ्यांच्या आत असते. पानांवर फवारून पैसे वाया जातात. रोगट वेली काढून जाळा. ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून द्यायचा तो लागवडीआधी. सुकलेली वेल त्याने उठत नाही.

खरा फरक बेवडात, म्हणजे आधी त्या रानात कोणतं पीक होतं यात आहे. डिंक्या रोगट अवशेषांवर आणि बियाण्यातून टिकतो, काकडी-दोडक्यालाही लागतो. त्यामुळे मधे उसाची लागण आणि खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) घेतला, वेलवर्गीय काही लावलं नाही, तर रान बऱ्यापैकी मोकळं होतं. मरीला तेवढं पुरत नाही, तिचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं राहतात. अशा रानात प्रतिकारक वाण किंवा दुधी भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं. रोप महाग पडतं, पण जमीन बदलता येत नसेल तर दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

शंका राहिली तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्या: सांगलीकरांना कांचनपूर, सातारकरांना बोरगाव किंवा काळवडे. अर्धवट सुकलेल्या दोन-तीन वेली मुळं आणि मातीसह वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. ओल्या प्लास्टिक पिशवीत त्या कुजतात आणि मूळ बुरशी ओळखणं अवघड होतं.